होस्टेलच्या खोलीतला सिनेमा: थोडक्या पैशात कॉलेजमधल्या मित्रांची विनोदी फिल्म कशी करावी

रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी सबमिशन. होस्टेलच्या खोलीत चौघं जण जर्नल उतरवत बसलेत. मूळ जर्नल मागच्या वर्षीच्या सिनिअरचं, आणि त्यातल्या सातव्या प्रॅक्टिकलच्या आकृतीवर चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय. पहिला घाईघाईत आकृतीबरोबर तो डागही काढतो. दुसरा पहिल्याच्या वहीतून उतरवतो. त्याचं काम नीटनेटकं, म्हणून तो कंपास घेऊन छान वर्तुळ काढतो. तिसरी त्या वर्तुळाला बाण काढून नाव देते. चौथा ते नाव पाठ करतो. सकाळी ओरलला सर पान उलटतात, थांबतात आणि विचारतात, "हे काय आहे?"

आमच्या फिल्ममधला हा प्रसंग. सगळीकडे हमखास हशा घेतो आणि त्यात विनोदी म्हणावं असं एकही वाक्य नाही. हसू येतं, कारण हे चौघं एकमेकांवर डोळे झाकून भरवसा टाकणारे आहेत हे प्रेक्षकाला तोवर पटलेलं असतं. ही दोस्ती खरी वाटली तर साध्या कॅमेऱ्यानं काढलेली फिल्मही माणसं शेवटपर्यंत बघतात. ती वाटली नाही, तर लाखाची लेन्स लावूनही उपयोग नाही. म्हणून या लेखात कॅमेऱ्यापेक्षा तालमीवर, आवाजावर आणि जेवणावर जास्त लिहिलंय. आम्ही कोल्हापुरात दोन फिल्म केल्या, पहिली ४० मिनिटांची आणि दुसरी दीड तासाची. जे सांगतोय ते त्यातलंच आहे.

गोष्ट हाताशी असलेल्या वस्तूंतून काढा

लिहायला बसण्याआधी एक यादी करा: फुकट काय काय मिळतंय? होस्टेलच्या दोन खोल्या, गच्ची, मेस, पार्किंग, एखादी वापरात नसलेली लॅब, मित्राची जुनी एम-८० दुचाकी, चहाची टपरी. गोष्ट या यादीबाहेर जाता कामा नये. "मग ते सगळे गोव्याला जातात" असं एक वाक्य लिहायला पाच सेकंद लागतात आणि निभवायला लाखभर रुपये.

अडचण असेल तर ती गोष्टीतच मुरवायची. अमेरिकेत केविन स्मिथनं १९९४ साली आलेली 'क्लर्क्स' ज्या दुकानात तो कामाला होता तिथेच चित्रित केली. दिवसा दुकान चालू, म्हणून शूटिंग रात्री. गोष्ट मात्र दिवसाची. काचेतून बाहेरचा अंधार दिसू नये म्हणून शटर बंदच ठेवायला हवं होतं. मग त्यानं गोष्टीतच टाकलं की कुणीतरी कुलपात च्युइंगम कोंबलंय आणि शटर उघडत नाही. मूळ खर्च साधारण २७ हजार डॉलर. आमच्या मेसची एक भिंत अर्धी रंगवून सोडली होती. आम्ही ती झाकत बसलो नाही. रंगाऱ्याचा मुक्काम मेसमध्येच आहे आणि तो जेवताना सगळ्यांना सल्ले देतो, असं पात्रच केलं.

गोष्टीला मुदत हवी. चार वर्षांची मैत्री दाखवायला गेलात तर कपडे, केस, ऋतू सगळं सांभाळावं लागतं. आमची गोष्ट सोमवार ते शनिवार अशी सबमिशनच्या आठवड्याची: चौघंही डिफॉल्टर, म्हणजे काम अपुरं राहिलेल्यांच्या, यादीत आहेत, टर्मवर्कवर (सत्रभराच्या प्रॅक्टिकलच्या कामावर) एका सरांची सही हवी आहे आणि ते सर शनिवारी निवृत्त होतायत. सही मिळणार की नाही, एवढाच प्रश्न. जो कधी कॉलेजात गेलाय त्याला या सहीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. कपडे प्रत्येकी तीन जोड, बास.

पात्रं चार ते सहा. प्रत्येकाला एकच ओढ द्या आणि ती दुसऱ्याच्या ओढीच्या आड येऊ द्या. एकाला सगळं नियमाने करायचंय, दुसरीला लवकर उरकायचंय, तिसऱ्याला कुणालाच नाराज करायचं नाही. या तिघांना एका रिक्षात बसवा, प्रसंग आपोआप घडतो. आणि मुलींना विनोद द्या. कॉलेजच्या कितीतरी फिल्म्समध्ये मुलगी फक्त कुणाच्या तरी प्रेमात पडण्यापुरती येते. आपल्या कट्ट्यावर असं असतं का? आमच्यात सगळ्यात तिखट बोलणारी आणि सगळ्यात मोठे घोळ घालणारी मुलगीच होती. ती तशीच लिहिली.

बोलीचं सोनं करा. विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये महाराष्ट्राचे सगळे कोपरे एका मजल्यावर राहतात. कोल्हापूरची मुलगी सहज "मी आलो, मी जेवलो" म्हणते आणि यवतमाळचा मुलगा पहिल्या दिवशी गोंधळतो, तो "काहून बे?" म्हणाला की इकडच्याला ते भांडणच वाटतं. ही गंमत खरी आहे. पण एक पथ्य पाळा: बोली ज्याची त्यानेच बोलावी. पुण्याच्या मुलाला वऱ्हाडी बोलायला लावलं की लगेच नक्कल होते आणि हसू त्या भागातल्या माणसांवर जातं. आम्ही मूळ साताऱ्याचं लिहिलेलं पात्र वऱ्हाडी केलं, कारण मिळालेला नट तिकडचा होता. त्यानं स्वतःचे संवाद स्वतःच बदलले आणि ते आमच्यापेक्षा कितीतरी चांगले झाले.

रॅगिंगवर हशा काढू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, पण कायद्याचं सोडा. ज्यानं ते भोगलंय तो प्रेक्षकात बसलेला असतो.

संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब इंग्रजीतल्या ठरावीक मांडणीचा आहे. देवनागरीत तो जुळेलच असं नाही. मोठ्यानं वाचा आणि मोबाइलवर वेळ लावा. ८५ मिनिटांच्या वर गेलं तर कापा. आत्ता कापायला पैसे पडत नाहीत.

परवानग्या

प्राचार्यांना भेटायला जाताना हातात पत्र असू द्या. त्यात तारखा, वेळा, नेमक्या जागा, माणसं किती, वीज कुठून घेणार, मोडतोड झाली तर भरून कोण देणार, सगळं लिहा. परीक्षेचं वेळापत्रक आधी बघा आणि परीक्षेच्या आसपासची तारीख मागूच नका. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेल रिकामं असतं, ते सोन्यासारखे दिवस. गर्दीचे प्रसंग मात्र गॅदरिंगच्या आठवड्यात उरकून घ्या, तेव्हा शेकडो माणसं आपणहून उभी असतात. कॉलेजचं खरं नाव फिल्ममध्ये घेऊ नका. काल्पनिक नाव ठेवून त्याची एक फ्लेक्स पाटी करून घ्या, म्हणजे संस्थाचालकांच्या मनातली निम्मी भीती जाते.

आमच्या पहिल्या फिल्मच्या वेळी तोंडी परवानगीवर गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं. लॅबमधला प्रसंग अर्धाच राहिला, आणि तो तसाच अर्धा फिल्ममध्ये आहे. दुसऱ्या वेळी शिक्क्याचं पत्र घेतलं आणि त्याच्या पाच झेरॉक्स: रेक्टर, वॉचमन, शिपाई, मेस आणि आपली फाइल.

आणखी तीन गोष्टी आधीच ठरवा. सिगारेट दाखवायची असेल तर थिएटरच्या प्रदर्शनात सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूविरोधी फीत आणि त्या प्रसंगात पडद्यावर इशारा लागतो. खरंच गरज नसेल तर चहावर भागवा. कॅम्पसवरच्या कुत्र्याकडून एखादं काम करून घेणार असाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगआधी काढावी लागते, नाहीतर सेन्सॉरला अडतं. आणि गाणी. मोबाइलवर वाजणारं सिनेमाचं गाणं पार्श्वभूमीला राहिलं तरी त्याचे हक्क लागतात, ध्वनिमुद्रणाचे वेगळे आणि गाण्याचे वेगळे. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कुणीही घ्यावेत, पण रेडिओवर वाजणारी त्याची चाल आणि ध्वनिमुद्रण कुणाचं तरी असतं. कॉलेजात पेटी-ढोलकी वाजवणारं कुणीतरी असतंच, त्याच्याकडून नवी चाल करून घ्या.

मित्रामित्रांत कागद करायला संकोच वाटतो. तरी करा. एकच पान: फिल्म कुणाच्या मालकीची, पैसे आले तर आधी कुणाचे फिटणार, उरले तर कसे वाटायचे, श्रेय कुणाला काय. सगळ्यांच्या सह्या. पैसे येण्याआधी हे पाच मिनिटांत होतं.

पैसे

दीड तासाच्या फिल्मचा आमचा हिशेब असा होता. १४ दिवसांचं शूटिंग, रोज २२ माणसं. जेवण, नाश्ता, चहा माणशी २५० रुपये धरून ७७ हजार. आवाजाचं साहित्य आणि ते सांभाळणारा माणूस मिळून दिवसाला ५ हजार, म्हणजे ७० हजार. कॅमेरा आणि दोन लेन्स ५६ हजार. लाइट २१ हजार. प्रवास ३० हजार, हार्ड डिस्क ३० हजार, कपडे-सामान १५ हजार. संकलन, रंग आणि ध्वनिमिश्रण ८० हजार. झाले ३ लाख ७९ हजार. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला. भाव गावागणिक बदलतात, पण प्रमाण लक्षात घ्या: जेवणाचा आकडा कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे. फुकट काम करणाऱ्या माणसाला आपण देऊ शकतो ती एकच गोष्ट म्हणजे वेळेवर गरम जेवण. दुपारी अडीचला वडापाव दिला की चारनंतर कुणाच्याच चेहऱ्यावर विनोद उरत नाही.

पैसे उभे करताना पाचशे-हजाराच्या वर्गण्या माजी विद्यार्थ्यांकडून चांगल्या जमतात. रोजचा खर्च त्याच रात्री वहीत लिहायचा, आणि वही अभिनय न करणाऱ्या माणसाकडे द्यायची.

तालीम, म्हणजे निम्मं काम

इथं आपल्याकडे मोठा ठेवा आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एकांकिकेची परंपरा आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि त्याच्यासाठी राबणारी पोरं महिना महिना एका हॉलमध्ये एकत्र राहतात. तिथली सवय जशीच्या तशी घ्या. आम्ही १४ दिवसांच्या शूटिंगसाठी ३५ दिवस तालीम केली. तालमीला भाडं नाही, जनरेटर नाही, फार तर चहा.

पहिला आठवडा नुसती वाचनं. जिथं वाचणारा अडखळतो तिथं वाक्य चुकलंय असं समजून बदला. मग उभ्या तालमी, शक्यतो खऱ्या खोलीतच. खाटेवर चौघं बसल्यावर कुणाचा गुडघा कुणाला लागतो हे तिथंच कळतं, आणि त्यातूनच ओळख दिसते. आमच्या नटांना आम्ही एक काम दिलं होतं: तालमीनंतर रोज रात्रीचं जेवण चौघांनी एकत्रच करायचं, संहितेबद्दल चकार शब्द न काढता. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक दुसरीच्या ताटातली पापडी न विचारता उचलायला लागला. ती पापडी फिल्ममध्ये आहे. ती लिहून आली नसती.

एकांकिकेतून आलेल्या नटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला तयार झालेला असतो. कॅमेरा तीन फुटांवर आहे. त्यांना "कमी कर, कमी कर" असं सांगत राहिलात तर ते आखडतात. त्यापेक्षा एक अख्खी तालीम कुजबुजत करा, शेजारच्या खोलीत रेक्टर झोपलेत असं समजून. आवाज खाली आला की चेहराही आपोआप निवतो. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या आवाजात करा, मोजमाप बरोबर पडतं.

आयत्या वेळी सुचलेलं तालमीत येऊ द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यातलं चांगलं संहितेत लिहा. शूटिंगच्या दिवशी मात्र लिहिलेलंच. सेटवर सगळ्यांना हसवणारी नवी ओळ दुसऱ्या बाजूने शॉट घेताना कुणालाच जशीच्या तशी आठवत नाही, आणि मग कापताना जुळत नाही.

शूटिंग: ऐकणाऱ्याकडे कॅमेरा

वेळापत्रक गोष्टीच्या क्रमाने लावू नका, जागेनुसार लावा. खोली क्रमांक ११ मधले सगळे प्रसंग सलग चार दिवसांत. दिवसाला सहा-सात मिनिटांची फिल्म पुरी करायची असल्याने प्रत्येक प्रसंगाला पंधरा शॉट घेता येणार नाहीत. आमची रीत अशी होती: आधी सगळे दिसतील असा एक मोठा शॉट, पूर्ण प्रसंगाचा, चांगला होईपर्यंत. मग फक्त एक किंवा दोन जवळचे. आणि ते जवळचे शॉट बोलणाऱ्याचे नव्हे, ऐकणाऱ्याचे.

हे नीट सांगतो, कारण आम्हाला ते उशिरा उमगलं. त्या ओरलच्या प्रसंगात पहिल्यांदा आम्ही सर "हे काय आहे?" विचारतात तो चेहरा जवळून घेतला होता. जमलं, पण हसू आलं नाही. मग सरांचा आवाज नुसता ऐकू येऊ दिला आणि कॅमेरा चौथ्यावर ठेवला, ज्यानं ते नाव पाठ केलंय. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसतो. त्याला उत्तर येतंय! आणि मग बाजूला उभ्या असलेल्या पहिल्यावर, ज्याला तेवढ्यात तो कप आठवलाय. एकाच्या ओठांवर उत्तर आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत "बोलू नकोस". पुढची दीड मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी चालतं.

विनोदी प्रसंगात माणसं एका चौकटीत ठेवा. चौघांचे चार वेगळे जवळचे शॉट जोडले की मैत्री तुटते. पाय, हात, शेजारच्याचं ढोपर दिसलं पाहिजे.

तांत्रिक बाबी थोडक्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करा आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे किंवा लुकलुक दिसत नाही. वर्गातल्या ट्यूब आणि खिडकीतला उजेड यांचा रंग एकमेकांत मिसळू देऊ नका. ट्यूब बंद करून खिडकीकडे तोंड करून बसवा, फुकटचा सगळ्यात चांगला लाइट तोच. कॅमेरा दिवसभर एकाच उंचीवर नको, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. ड्रोनचा नाद सोडा. रोज रात्री फुटेजच्या तीन प्रती करा, त्यातली एक वेगळ्या घरी. ताशी साधारण ४५ जीबी धरून डिस्क घ्या. रोज तीन तास चित्रण झालं तर १४ दिवसांत एकेक प्रत दोन टीबीच्या घरात जाते.

आवाज

पहिल्या फिल्ममधली आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. होस्टेलच्या तळमजल्यावर पाण्याचा पंप होता. शूटिंग चालू असताना त्याची घरघर कुणालाच जाणवली नाही, कान सरावले होते. संकलनाला बसलो तेव्हा खोलीतल्या प्रत्येक वाक्याखाली ती होती. मग डबिंग केलं. चौघं नट वेगवेगळ्या दिवशी माइकसमोर एकटे उभे राहून बोलले, आणि त्यांच्यातलं जे काही होतं ते तिथं संपलं. एकमेकांचं वाक्य तोडणं, मध्येच फुटलेलं हसू, हे डबिंगमध्ये परत येत नाही.

म्हणून आवाज जागेवरच, नीट घ्या. प्रत्येक नटाला कपड्यात छोटा माइक आणि वरून एक बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. जागा बघायला जाल तेव्हा डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहा: पंखा, फ्रीज, पारवे, पंप, शेजारच्या शाळेची घंटा. पंप किती वाजता चालतो हे शिपायाला विचारून वेळापत्रकात लिहा. शॉटच्या वेळी पंखा बंद, दोन शॉटच्या मध्ये चालू. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो; कॅमेऱ्यामागच्या भिंतींवर वाकळा टांगा आणि खाटांवर गाद्या ठेवा, फरक लगेच ऐकू येतो. प्रत्येक जागेवरून निघताना सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा, संकलनात तुकडे जोडायला ती लागते. आणि कॅमेऱ्यामागच्यांनी हसायचं नाही. आमचा साहाय्यक तोंडात रुमाल धरून उभा राहायचा.

कापणं, दाखवणं

संकलनाला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. पहिली जुळणी झाली की दहा दिवस फिल्म बघू नका. मग तुमच्या कॉलेजबाहेरच्या वीस माणसांना दाखवा, आणि खोलीत मोबाइल ठेवून त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. तो आवाज संकलनात फिल्मच्या खाली लावला की हसू नेमकं कुठं आलं, कुठं खुर्च्या करकरल्या, कुठं पुढचं वाक्य हशात बुडालं, सगळं दिसतं. मतं विचारलीत तर माणसं गोड बोलतात. ही पट्टी खरं सांगते. आम्ही यावरून अकरा मिनिटं कापली. त्यात माझा सगळ्यात आवडता गच्चीवरचा प्रसंगही गेला. तिथं वीसातल्या एकानंही हुं की चूं केलं नव्हतं.

हशासाठी जागा सोडताना सांभाळून. थिएटरमध्ये मोठ्या हशानंतर दोन सेकंद हवेत, पण मोबाइलवर एकट्यानं बघणाऱ्याला ती दोन सेकंदं भोक वाटतात. तिथं नुसती शांतता ठेवू नका. कुणीतरी पान उलटतंय, कुणी चष्मा पुसतंय, असं काही चालू ठेवा. दोघांचंही भागतं.

पुढची वाट आधीच ठरवा. फिल्म आधी यूट्यूबवर टाकली तर अनेक महोत्सव ती घेत नाहीत, म्हणून महोत्सव आधी. थिएटरमध्ये लावायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ च्या नियमांपासून यूए गटात (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या फिल्म) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. पोस्टर छापण्याआधी फिल्मच्या नावाची आणि बॅनरची नोंदणी करून घ्या; आम्हाला ते सोपं गेलं, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे.

पहिला खेळ मात्र होस्टेलच्या मेसमध्येच करा. टेबलं बाजूला, भिंतीवर पांढरी चादर घट्ट ताणून, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर. अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका. आणि त्याआधी श्रेयनामावलीचा कागद छापून सगळ्यांच्या हातात द्या, ज्यानं त्यानं आपलं नाव स्वतः तपासायचं: ऱ्हस्व-दीर्घ, आडनाव, वडिलांचं नाव हवं की नको. शिपाई, वॉचमन, रंगारी, सगळे. मेसच्या मावशींकडे आम्ही कागद घेऊन गेलो तेव्हा आमच्या लक्षात आलं की तीन वर्षं त्यांच्या हातचं जेवून आम्हाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून दिलं.